बिनविजेचा डबा

पडदे ओढलेले होते, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला होता आणि दादाच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे, खालचा औषधवाला, सगळे दोन उंच स्पीकरांकडे डोळे लावून बसले होते. त्या स्पीकरांतून माझा मेलेला भाऊ बोलणार होता.

"आत्म्याला वजन नसतं, पण व्होल्टेज असतं!" यंत्रांतून आत्मे बोलावणारे नादबाबा गरजले. "ज्याने जन्मभर यंत्रांवर जीव लावला, तो मेल्यावर जाणार कुठे? यंत्रात! फक्त त्याला प्रश्न विचारू नका. प्रश्नाने लहर तुटते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. लहर तुटलेली कुणाला परवडणार होती?

स्पीकर खरखरले. मग कुजबुज आली, कानाशी तोंड आणून कुणी बोलावं तशी. "सरकार... पोटाला सुरी लावू देऊ नका. मला त्यांनीच मारलं."

वहिनीला हुंदका फुटला. दादा तिला लाडाने सरकार म्हणायचा. मी कानाची यंत्रं बसवण्याचं काम करते, भुताखेतांच्या गोष्टींना आजवर हसत आले. तरी मी शेजारणीचा हात घट्ट धरला.

दादा शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलाच नव्हता. आता वहिनीच्या पोटात गाठ निघाली होती. "थांबू नका, ती वाढतेय," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. वहिनीने तारीखही घेतली होती, पण या कुजबुजीपायी ती रद्द केली. स्पीकरसमोर ठेवलेलं पाणी प्यायलं की गाठ नादाने विरघळेल, असा बाबांचा शोध होता. वहिनी ते पाणी पीत होती आणि दिवसेंदिवस खंगत होती.

मी पिशवी भरून तिच्याकडे राहायला गेले. भर दुपार होती. दादाची गाण्याची यंत्रं चालूच होती, कारण ती कधी बंद करायची नाहीत असा बाबांचा हुकूम होता. मी पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच स्पीकर बोलला, "धाकटे, आलीस?"

मी किंचाळले. खोटं कशाला सांगू? स्वयंपाकघरात पळाले आणि ओट्याला पाठ लावून उभी राहिले. घरात आम्ही दोघीच होतो. मी आल्याचं त्याला कळलं कसं?

वहिनी दारात येऊन हसत होती. ते हसू मला त्या आवाजाहून भयंकर वाटलं.

"बघ, तुलाही ओळखलं ह्यांनी," ती म्हणाली. "गाठ विरघळली तर ठीक. नाहीतर जाईन ह्यांच्याकडे. मला आता भीती नाही वाटत गं."

मला वाटत होती, तिच्या वाटचीही मलाच वाटत होती.

चहा टाकला तेव्हा कुठे डोकं चालायला लागलं. दादाने मला कधी धाकटी म्हटलंच नव्हतं. आम्ही दोघंच असलो की मी त्याची ठमी. धाकटी म्हणायची ती वहिनी, आणि वहिनीने बाबांना सगळं घर सांगून ठेवलेलं. शिवाय ती कुजबुज! कुजबुजताना गळ्यातले स्वरतंतू कंप पावत नाहीत, म्हणून कुणाचीही कुजबुज दुसऱ्या कुणाचीही वाटू शकते. भुताला मोकळ्या गळ्याने बोलायला काय झालं होतं?

"वहिनी, बाबांनी यातलं काही कधी बाहेर नेलं होतं का?"

"तो काळा डबा. शुद्ध करायला. स्वतः आणून जोडून दिला की नंतर."

काळा डबा म्हणजे दादाने घरीच जोडलेला प्रीअ‍ॅम्प. सीडी प्लेअर आणि मोठा अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये तो बसतो, आवाज कमी-जास्त करायचा तो याच्यावरून. तो विजेवर चालतो आणि आलेला आवाज वाढवूनही देतो. दादाने आजारी पडण्याआधी त्याच्या जागी लावायला एक दुसरा डबा हाताने बनवला होता. त्याला विजेची वायरच नाही. वहिनी त्याची टिंगल करायची, "उपाशी डबा वाजणार कसा?" दादा सांगायचा, "अहो सरकार, हा पंप नाही, नळ आहे. आलेलं सोडतो नाहीतर अडवतो. पदरचं काही घालत नाही."

पदरचं काही न घालणारा डबा मला हवाच होता. कपाटातून तो काढला आणि काळ्या डब्याच्या जागी जोडला.  गाणं लागलं, जरा हळू, पण स्वच्छ. आणि संध्याकाळपर्यंत कुणी कुजबुजलं नाही.

वहिनी पांढरीफटक पडली. "तू ह्यांना दुसऱ्यांदा मारलंस," ती म्हणाली आणि तिने बाबांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळी मंडळी जमली.

"आत्म्याला उपाशी ठेवलंत!" बाबा कडाडले. "वीज नाही, तर तो खाणार काय? जुना डबा लावा!"

"दुसऱ्यांचे कान तपासता तपासता हिच्याच कानात बोळे बसलेत," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

 डब्यात काही निघालं नाही तर वहिनी कायमची हातातून जाणार होती. आणि तो खरंच दादा असला तर? हो, तेही मनात आलं.

"लावते," मी म्हणाले. "पण झाकण काढून."

"झाकण काढलं तर लहर..."

"तुटेल. माहीत आहे."

डबा विजेला जोडण्याआधी मी झाकण उघडलं. आत दादाने डाख देऊन जोडलेल्या तारा नीट ओळीने होत्या. कोपऱ्यात मात्र दुरून पाठवलेला आवाज पकडणारा काडेपेटीएवढा बिनतारी रिसीव्हर डिंकाने चिकटवलेला होता. त्याची एक तार डब्यातली वीज पीत होती, दुसरी गाण्याच्या वाटेत घुसली होती. मी सगळ्यांना जवळ बोलावलं, डबा जोडला आणि गाणं लावलं.

थोड्याच वेळात गाण्यावर कुजबुज चढली. "सरकार, पाणी घेताय ना? घाबरू न..."

मी पकडीने ती दुसरी तार तोडली. कुजबुज अर्ध्या शब्दात थांबली. गाणं चालू राहिलं.

"गेला! आत्मा गेला!" बाबा ओरडले.

"बाबा, आत्म्याला डिंक कशाला लागतो?" औषधवाल्याने विचारलं आणि खर्रकन पडदा सारला. समोरच्या फुटपाथला लागून एक बंद गाडी उभी होती. पुढच्या काचेतून दिसत होतं, आत एक माणूस हातातल्या माइकमध्ये अजून कुजबुजत होता. त्याला आमच्या इमारतीचं दार दिसत होतं, म्हणून मी आल्याचं कळलं. आमचं बोलणं मात्र ऐकू येत नव्हतं, म्हणूनच प्रश्नांना बंदी होती. लोक जिन्यावरून धावले. बाबा त्याआधीच अनवाणी सटकले होते.

वहिनी जमिनीवर बसली. "म्हणजे ते कुठेच नाहीत," ती म्हणाली. मी तिच्याशेजारी बसले. दोघी पोटभर रडलो.

मग तिने विचारलं, "आता मला कोण सांगणार, जाऊ की नको?"

"डॉक्टरीणबाई. त्यांना उलट विचारता येतं."

दवाखान्यात तिने विचारलं, "ह्यांच्यासारखं माझं होणार नाही ना?"

"होणारच नाही असं वचन मी देणार नाही," बाई म्हणाल्या. "शक्यता फार कमी आहे, गाठ ठेवण्यात धोका जास्त आहे. आम्ही काय काय काळजी घेऊ ते सांगते." आणि त्यांनी सावकाश सगळं सांगितलं.

बाहेर आल्यावर वहिनीने माझा हात धरला.  "फार भीती वाटतेय गं," ती म्हणाली. "पण ह्या बाईंनी मला खोटं नाही सांगितलं." आणि तिने नवी तारीख घेतली.

शस्त्रक्रियेत गाठ काढली, वहिनी घरी आली. आणखी काही महिने त्या पाण्यावर गेले असते तर तिला वाचवता आलं नसतं, असं बाईंनी मला नंतर एकटीला सांगितलं.

वाचणाऱ्यांना हात जोडून एवढंच सांगते. घाबरण्यात लाज नाही, मीही घाबरले होते. पण तुमच्या घरातल्या आजारी माणसाला कुणी उपचार सोडायला सांगत असेल, तर लोक काय म्हणतील याचा विचार करू नका. पुरावा मागा, भांडा, त्या माणसाला घेऊन डॉक्टरकडे जा. आणि आजच जा.