पाचव्या जागेची दोरी

थोरल्या बाईंचा राग होता तो लेकाच्या वहीवर. दोऱ्या लावल्या, हे त्यांनी कसंबसं गिळलं होतं. लाँड्रीतला इस्त्रीचा गरम रूळ थांबवायचा हक्क इतकी वर्षं एकट्या बाईंचा. खटका त्यांच्या खुर्चीशेजारी, आणि त्याला हात लावायची दुसऱ्या कुणाची बिशाद नव्हती. लेकाने तो खटका उखडून टाकला, रुळासमोरच्या पाचही जागांवर एकेक लाल दोरी टांगली आणि बायकांना सांगितलं, "आजपासून अधिकार तुमच्या हातात. काही बिनसलं की ओढा, रूळ थांबेल. कुणाला विचारायचं नाही."

बोलला छान. पण कुणी दोरी ओढली रे ओढली की हा वही घेऊन हजर. का ओढली? किती मिनिटं गेली? दुसरी कुणी असती तर तिने ओढली असती का? पहिल्या आठवड्यात तिघींनी ओढली, दुसऱ्यात एकीने, आणि मग दोऱ्यांवर धूळ बसली.

"तुमच्या लेकाने दोरी दिली खरी, पण टोकाला स्वतःच लटकलाय," सूनबाई म्हणाली. ती तिसऱ्या जागेवर काम करायची; मालकाची बायको म्हणून नुसतं मिरवणं तिला जमत नसे. "काल झग्याची नाडी माझ्या मनगटाला गुंडाळली गेली. दातांनी सोडवली, पण ओढली नाही. मेली ती चौकशी घरी जेवतानाही कोण ऐकणार?"

बाई हसल्या नाहीत. हॉस्पिटलचे झगे, त्यांच्या लांब नाड्या आणि फिरता रूळ, हे त्रिकूट त्या ओळखून होत्या.

पाचवी जागा रिकामी होती. अकरा वर्षांपूर्वी तिथे मुकी उभी राहायची. कामापुरतंच बोलायची, म्हणून ते नाव. एकदा, साडेअकराच्या सुमाराला, शेजारणीचा हात नाडीसकट रुळाकडे ओढला जाताना तिने पाहिलं आणि नियमाप्रमाणे ती खुर्चीकडे निघाली. सत्तावीस पावलं. "बाई, थांबवू का?" बाई फोनवर होत्या. त्यांनी हातानेच 'जरा थांब' अशी खूण केली. शेजारणीची चार बोटं गेली. मुकी दुसऱ्या दिवशी आली नाही, आणि वर्षाच्या आत वारलीच.

दोऱ्या लागल्या त्या दिवसापासून, साडेअकरा झाले की पाचव्या जागेपासून ओली पावलं उमटू लागली. त्या खोलीची फरशी अशी तापते की सांडलेलं पाणी बघता बघता उडून जातं. ही पावलं राहायची. घाईची, पण पळणारी नव्हे; मालकिणीपुढे पळत कसं जायचं? खुर्चीसमोर येऊन ती जोडून उभी राहायची, मिनिटभराने वाळायची. बायका तेवढा वेळ मान वर करत नसत. लेक म्हणाला, पाइप गळतोय. प्लंबर आला, त्याने छत पाहिलं, फरशी पाहिली, आणि चहाला न थांबता गेला.

बाईंना ठाऊक होतं काय विचारलं जातंय ते. दोरी मुकीच्याही जागेवर टांगली होती, पण विचारायचं नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं तर मागचं कबूल करावं लागणार, आणि कबुली द्यायला बाईंची जीभ कधी वळली नव्हती.

गुरुवारी झग्यांचा ढीग पडला होता. साडेअकराला पावलं निघाली. बाईंनी रुळाकडे पाहिलं. सूनबाई वाकली होती. जरा जास्तच वाकली होती. नाडीचे दोन वेढे मनगटावर आवळले होते आणि हात सरकत चालला होता. दुसरा हात दोरीपर्यंत पोचत नव्हता. चौथ्या जागेवरच्या नव्या बाईचा हात आपल्या दोरीवर गेला आणि नजर गेली लेकाकडे. तो दाराशी वहीत काही लिहीत उभा होता. तिचा हात तिथेच राहिला.

बाईंनी खटका चाचपला. हाताला भिंतीतली भोकं लागली. पुढ्यात ओली पावलं जोडून उभी होती.

"मला नको विचारूस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. "तेव्हाही विचारायला नको होतं. ओढ, बाई. तुझी तू ओढ."

पलीकडे रिकाम्या जागेवरची दोरी ताठ झाली, हातभर खाली आली, आणि रूळ घरघरत थांबला.

सुनेच्या मनगटावर लाल वळ होता. बोटं पाचही होती. पुढ्यातली पावलं या खेपेला वाळली नाहीत. बाईंच्या डोळ्यांदेखत एकदम नाहीशी झाली.

लेक धावत आला, वही उघडीच. "कुणी ओढली?"

बाई उठल्या. सत्तावीस पावलं मोजत रुळापर्यंत गेल्या आणि त्यांनी त्याच्या हातातून वही काढून घेतली.

"दोरी दिलीस आणि चौकशी ठेवलीस, म्हणजे काहीच दिलं नाहीस. तुझ्या बायकोचा हात आज या वहीने घालवला असता. मी एकीचा नुसत्या खुणेने घालवलाय, तेव्हा हा गुण तू कुणाचा उचललास ते मला सांगू नकोस. उद्यापासून महिनाभर तिसऱ्या जागेवर तू उभा राहायचंस. रुळात झगे तूच घालायचे, नाड्यांसकट. दोरी ओढलीस तर इथली एकही बाई तुला 'का ओढली' म्हणून विचारणार नाही."