काचेवरचा दौलत

दौलत छावणीत मेला.

हे वाक्य लिहून झालं. आता ते आपण कोणीच वाचलेलं नाही असं धरून चालू. मला माझ्या खेळांच्या वहीत मागं पडलेल्या नोंदी पुऱ्या करायच्या आहेत, दिवाळीपासून एक ओळ लिहिलेली नाही, आणि त्या खेळांत दौलत ठणठणीत आहे. अख्ख्या कल्याणात एवढा ठणठणीत माणूस दुसरा नाही. खाडीतल्या मिठाच्या पडावावरून तो गोण उचलतो तेव्हा दम गोणीलाच लागतो.

खेळ म्हणजे कंदिलाचा खेळ. आनंदाकडं एक पत्र्याची पेटी आहे. तिच्या पोटात दिवा, नाकात भिंग. मध्ये रंगवलेली काच उलटी घातली की समोर ताणलेल्या ओल्या धोतरावर चित्र सुलटं पडतं, चांगलं पुरुषभर उंच. आनंदा हातात काठी घेऊन शेजारी उभा राहतो आणि कथा सांगतो. काचा महिपत रंगवतो. मी पुढं बसून बघतो आणि घरी येऊन अभिप्राय लिहितो. हे काम मला कोणी सांगितलेलं नाही. पण मी कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहितो. दिवसभर दुसऱ्याच्या मनातलं लिहिल्यावर संध्याकाळी स्वतःच्या मनातलं काही उरलंय का, हे तपासून घ्यावंसं वाटतं.

तर, पांडवांचा खेळ, पारनाक्यावर. अभिप्राय: पाचही पांडवांचा चेहरा एकच. महिपतला माणसाचा एकच चेहरा काढता येतो, आणि तो दौलतचा. दौलत त्याच्या शेजारी राहतो आणि ‘हलू नको’ म्हटलं की हलत नाही, एवढीच त्याची पात्रता. मिशा जाड केल्या की भीम, पातळ केल्या की नकुल, पुसून टाकल्या की द्रौपदी. वस्त्रहरणाला बायका पदरानं डोळे टिपत होत्या आणि द्रौपदी माझ्या शेजारी बसून शेंगदाणे खात होती.

लंकादहन, डोंबिवलीत, एका खळ्यावर. रावणाला दहा डोकी, म्हणजे दहा दौलत. धोतरावर ती रांग उमटली तसा दौलत मागून ओरडला, “महिपत, माझं सातवं डोकं वाकडं काढलंस रं!”

“वाकडं नाय ते,” महिपत अंधारातून म्हणाला. “ते इचार करतंय.”

“मग माझं नाय ते!”

खळं हसून लोळलं. अभिप्राय: लंका चांगली जळाली. पण मारुती दौलत आणि रावणही दौलत असल्यानं कोण जिंकलं ते कळलं नाही. दौलतला विचारलं तर म्हणाला, “आपणच.”

विलायतेचा खेळ, ठाण्यात, तलावाच्या काठी. या काचा विकत आणलेल्या. पूल, घड्याळाचे मनोरे, टोप्या घातलेली माणसं. अभिप्राय: एकाचाही चेहरा दौलतसारखा नाही, त्यामुळं करमलं नाही. परत येताना आगगाडीत कोणीतरी म्हणालं की मुंबईत आता हलती चित्रं आलीत. आनंदानं त्याला विचारलं, “चित्र हलायला लागलं तर सांगणाऱ्यानं काठी धरायची कुठं?” तो पुढच्याच स्टेशनात उतरून गेला. तेव्हा हे खूळ टिकणार नाही, असं माझं मत आहे.

पुढची नोंद लांब आहे.

तोवर प्लेग गावात आलेला. स्टेशनावर उतरणाऱ्याची काख आणि जांघ तपासून मग त्याला गावात सोडत. ज्या घरात कोणी दगावलं त्याची कौलं उतरवत, आत ऊन पडावं म्हणून. त्यामुळं गल्लीतून चालताना कोणाच्या घरी काय झालं हे नुसतं वर बघून कळे. लोक आजारी माणसाला पेवात, माळ्यावर, गवताच्या गंजीत लपवत. मग प्लेगच्या अंमलदारांनी आनंदाला बोलावून सांगितलं, तुझ्या कंदिलातून या रोगाचा खेळ दाखव. लोकांची भीती गेली पाहिजे. तेल सरकारचं.

चार काचा ठरल्या. पहिलीत रोगी खाटेवर, काखेत गाठ. दुसरीत चौघे त्याला डोलीत घालून छावणीत नेतात. तिसरीत डॉक्टर औषध देतो. चौथीत तो बरा होऊन घरी येतो.

रोग्याचा चेहरा कोणाचा, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. महिपत कुंचले घेऊन दौलतच्या अंगणात आला आणि म्हणाला, “नीज.”

दौलत बाजेवर निजला. त्याची बायको शेवंती भाकऱ्या थापता थापता बाहेर आली. हात पिठाचे.

“आजाऱ्याचं सोंग घेऊन निजू नये,” ती म्हणाली. “वाईट असतं ते. उठा.”

“अगं, भीम झालो तवा गदा आली का हातात? मग आजारी होऊन ताप कसा येईल?”

“भावजी, तुमी तरी सांगा यांना.”

मी सांगितलं की चित्रात रोगी शेवटी बरा होतो. तेव्हा तिनं महिपतपुढं अट घातली. चौथ्या काचेत दारात मी उभी पाहिजे, भाकरतुकडा ओवाळून टाकताना. बाहेरून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकल्याशिवाय मी त्याला आत घेणार नाही, चित्रातसुद्धा नाही. महिपतनं कबूल केलं. त्याला बाईचा चेहरा येत नाही, म्हणून दारातली शेवंतीही त्यानं दौलतसारखीच काढली. दौलत दौलतला ओवाळत होता. शेवंतीनं काच उन्हात धरून बघितली आणि म्हणाली, “चालंल. तुकडा दिसतोय ना.”

प्लेगचा खेळ, काळ्या तलावाजवळ. सगळा गाव आलेला. पहिली काच लागली आणि लोक हसणार म्हणून मीही तोंड तयार करून बसलो. आजवर लोक चित्राकडं बघत, मग वळून दौलतकडं बघत आणि हसत. त्या दिवशी लोकांनी चित्राकडं बघितलं, वळून दौलतकडं बघितलं, आणि सरकले. चटईवर त्याच्याभोवती एवढी जागा झाली की त्याला मांडी पसरता आली.

“ऐसपैस झालं,” तो म्हणाला.

दुसरी काच झाली. तिसरी झाली. चौथी आनंदानं पेटीत सरकवली आणि आतून टचकन आवाज आला. इतके दिवस घरच्या तेलावर खेळ करणारा माणूस. सरकारी तेल मिळालं म्हणून त्यानं वात हवी तेवढी वर केलेली. काच तापून फुटली. धोतरावर नुसता पांढरा उजेड पडला.

“तर मंडळी,” आनंदा उजेडावर काठी ठेवून म्हणाला, “इथं तो बरा होऊन घरी येतो.”

तिथं कोणीच येत नव्हतं. लोकांनी बघितलं ते एवढंच: दौलतला गाठ आली, चौघांनी उचलून नेला, पुढं काही नाही. अभिप्राय: चौथी काच चांगली होती, असं ज्यांनी ती बघितली ते सांगतात. ते आम्ही पाचजणच.

दुसऱ्या दिवशी शेवंती विहिरीवर गेली तर शेजारची गंगुबाई रहाटाला आडवी उभी.

“तुझा घो आजारी हाय. कळशी नको बुडवू.”

“आजारी? ते बघा, तिकडं लाकडं फोडतायत!”

“आज उभा दिसतोय. काल आमी आडवा बघितला. सगळ्या गावानं बघितला, मी एकटीनं नाय.”

“ते चित्र होतं, मावशी.”

“मग? चित्रातला राम खोटा असतो का?”

शेवंती रिकामी कळशी घेऊन घरी आली. पडावाचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, काळूराम, ज्यानं दौलतला लहानाचा मोठा बघितलेला, त्यानंही फळीवर पाय ठेवू दिला नाही. म्हणाला, “मला ठावं हाय रे तुला काय नाय. पण बाकीचे खलाशी उतरून जातात. निरोगी असल्याचा सरकारी दाखला आण, आणि मग चढ.”

गावानं दौलतला भीम बघून कधी गदा दिली नाही, की रावण बघून लंकेतली एक वीट दिली नाही. गाठ मात्र त्याच रात्री देऊन टाकली.

दौलत दाखला आणायला निघाला. मी बरोबर होतो. वालधुनी नदीच्या पलीकडं छावणी, माडाच्या झापांच्या झोपड्या, भोवती काट्यांचं कुंपण. दारात मेजावर एक कारकून.

“निरोगी असल्याचा दाखला इथं मिळतो?” दौलतनं विचारलं.

“मिळतो. छावणीतून बरा होऊन निघणाऱ्याला.”

“मी आजारीच नाय.”

“मग बरा कसा होणार?”

दौलतनं माझ्याकडं बघितलं. मी अर्ज लिहिणारा. मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला.

“दुसरा काय मार्ग?” मी विचारलं.

“संशयित म्हणून आत राहायचं. ठरलेले दिवस ताप आला नाही, तर साहेब दाखल्यावर सही करतात.”

“आणि संशय कोणाला हाय?” दौलत म्हणाला.

“संशय तुम्हीच लिहून द्यायचा.”

तर दौलतनं स्वतःवर संशय असल्याचं लिहून दिलं, अंगठा उठवला आणि आत गेला. जाताना म्हणाला, “त्र्यंबक, तिला सांग, भाकरी झाकून ठेव.”

आम्ही रोज कुंपणाशी जात होतो. तो आतून ओरडून बोलायचा. त्याच्या झोपडीत डाव्या बाजूला ठाण्याचा एक म्हातारा, उजव्या बाजूला दिवा गावचा एक गुरं राखणारा. दोघे खरे आजारी. संशयितांच्या झोपड्या भरलेल्या म्हणून याला तिथं टाकलेला. तो त्यांना पाणी पाजायचा. “हे दोघं मला डॉक्टर समजतात,” ओरडून सांगायचा. “महिपतला सांग, आता डॉक्टर पण माझ्याच तोंडाचा काढ!”

शेवंती कुंपणाबाहेरून बघत राहायची. एकदा म्हणाली, “पाणी पाजू नका त्यांना.”

“मग काय करू? मागतात ते.”

ठरलेले दिवस भरले. ताप नाही. दाखला लिहून तयार झाला, शाई वाळली. सही करणारे साहेब टिटवाळ्याकडं तपासणीला गेलेले, ते परत येईपर्यंत थांबायचं होतं. ते परत आले तेव्हा दौलत उठून कुंपणापर्यंत आला नाही. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी गेलो तर कारकून बाहेर आला. तो काय म्हणाला ते मी वर एकदा लिहिलं आहे, आणि आपण ते वाचायचं नाही असं ठरलं आहे. म्हणून इथं एक ओळ कोरी सोडतो.

 

शेवंतीला तोंड बघू दिलं नाही. छावणीतली चिता छावणीतच असते. त्याच दुपारी घराची कौलं उतरवली, आतलं सामान अंगणात जाळलं. बाज जळली, घोंगडी जळली, त्याचं मुंडासं जळलं. शेवंती उघड्या घरात भिंतीला टेकून बसली. वर आभाळ स्वच्छ होतं. मी काहीतरी विनोद करायला गेलो, तो झाला नाही.

शेवटची नोंद. प्लेगचा खेळ, मोहन्यात, देवळापुढं. मी जाणार नव्हतो. शेवंती म्हणाली, “मला घेऊन चला.” पदर कपाळाखाली ओढून ती मागं बायकांत बसली.

चौथी काच अजून झालेली नाही. काच सरकारी, नवी रंगवायला मंजुरी पाहिजे, आणि ती फुटल्याचा पंचनामा व्हायचा आहे. त्यामुळं आनंदा गावोगाव तीन काचांवरच खेळ करतो. पहिली काच लागली. दौलत बाजेवर, काखेत गाठ, डोळे मिटलेले. चेहरा मात्र तांबूस, गुबगुबीत. महिपतला आजारी रंग जमतच नाही. मोहन्यात त्याला कोणी ओळखत नव्हतं. एक बाई म्हणाली, “कोणाचा गं बिचारा?” कोणी उत्तर दिलं नाही. शेवंतीनंही नाही, नवऱ्याचं नाव ती घेत नाही.

दुसरी काच. चौघांनी उचलला. तिसरी. मग पांढरा उजेड, आणि आनंदानं त्यावर काठी टेकवली. काठी खाली ठेवून त्यानं वात फुंकली.

अभिप्राय: लिहिला नाही.

परत येताना नदीच्या काठानं शेवंती चार पावलं पुढं चालत होती. मग म्हणाली, “भावजी, त्या माणसाला रोज गाठ येती. रोज उचलून नेतात.”

“चित्र आहे ते, वहिनी.”

“मला सांगू नका चित्र हाय म्हणून. चित्र हाय असं मी पण सांगितलेलं, विहिरीवर.” थोडं चालून ती थांबली. “तोंड तेवढंच उरलंय. बाकी सगळं जाळलं. तुमी अर्ज लिहिता ना लोकांचे?”

“लिहितो.”

“मग लिहा.”

मी तिला सांगितलं नाही की असल्या अर्जाचं काय होतं. घरी येऊन कोरा कागद घेतला.

*मेहेरबान प्लेगचे अंमलदार साहेब यांचे हुजुरास, अर्जदार शेवंती, राहणार कल्याण, इचा विनंतिअर्ज ऐसाजे: अर्जदाराचा नवरा सरकारी काचांवर अद्याप आजारी असून त्यास गावोगावी दर खेळास नव्याने छावणीत नेण्यात येते. सदर इसमाचे दिवस पूर्वीच भरले असून त्याचे निरोगीपणाचा दाखला तयार आहे, सही तेवढी राहिली आहे. सबब विनंती की, सदर दाखल्यावर सही होऊन, इसमास तिन्ही काचांवरून मुक्त करावे व काचा अर्जदाराचे ताब्यात द्याव्या. तसे करणे कायद्यात बसत नसल्यास, निदान खेळ संपल्यावर त्यास दररोज घरी सोडण्याबाबत हुकूम व्हावा.*