शेजारच्या सीटवरची थरथर

टायर बाजाराच्या मागच्या मैदानात दर रविवारी सकाळी गाड्यांची रांग लागायची. दोरीला टेकून शंभरेक माणसं उभी, मधे गोल कच्चा रस्ता, आणि त्यावर एका वेळी एकच गाडी. गाडीत मागच्या सीटवर, हातात माइक घेऊन, थरथर महाराज. गेलेल्या माणसाचा जीव त्याच्या गाडीत राहतो आणि थरथरून बोलतो, हा महाराजांचा शोध. नव्या कोऱ्या गाडीत मात्र कोणाचाच जीव अडकत नसे.

त्या रविवारी अण्णांची पाळी होती. बायको जाऊन चार महिने झाले होते आणि गेला महिनाभर गाडी थरथरत होती.

"मालक, बाईसाहेब तुमच्या शेजारीच बसल्यात," महाराज माइकवर म्हणाले. "पळवा गाडी. बाईसाहेब, आवाज पोचतोय का?"

अण्णांनी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी थरथरली. दोरीपलीकडे लोकांनी हात जोडले.

"आता पाय सोडा, त्यांना दम लागलाय. बाईसाहेब, तिकडे काही त्रास?"

गाडी लोण्यासारखी चालली. त्रास नव्हता. अण्णांच्या डोळ्यांना धार लागली.

"पळवा. नवऱ्याची आठवण येते?"

थरथर.

"येणारच. माणूस सज्जन, त्यात स्वतःची गाडी. मालक, आता तुमचा प्रश्न तुम्हीच विचारा."

या खेपेला महाराज पळवाही म्हणाले नाहीत आणि सोडाही म्हणाले नाहीत. अण्णांनी शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहून विचारलं, "पोरगी वेळेवर आली असती, तर तू वाचली असतीस का?"

गाडी इतकी थरथरली की समोरच्या कप्प्याचं झाकण उघडलं.

अण्णांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात नर्स होती. आई गेली त्या दिवशी तिला रजा मिळाली नव्हती आणि ती दोन तास उशिरा पोचली होती. अण्णांनी दुपारी तिला फोन लावला. "तू आली असतीस तर ती वाचली असती. तिनेच सांगितलं." "बरं" म्हणून मुलीने फोन ठेवला. रोज संध्याकाळी येणारा तिचा फोन त्या दिवसापासून बंद झाला.

अण्णा रविवार चुकवत नव्हते. पण थरथर वाढत गेली, निघताना कटकट आवाज यायला लागला, तेव्हा ते गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गॅरेजात गेले. गॅरेज चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या.

"ताई, आवाज तेवढा काढा. थरथर राहू द्या."

बाईंनी फडक्याला हात पुसले. "थरथर काढा म्हणणारे रोज येतात. राहू द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच."

अण्णांनी सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. "बसा काका. एक चक्कर मारू. मी चालवते."

मोकळ्या रस्त्यावर त्यांनी पाय दाबला. "मी या देशाची राणी आहे का?" गाडी थरथरली. पाय सोडला. "मला दोन मुलं आहेत का?" गाडी गप्प. "आहेत हो, दोघंही जेवायची वाट बघतायत." पुन्हा पाय दाबला. "हे काका बावीस वर्षांचे आहेत का?" गाडी जोरात थरथरली.

"चाकाचा दोष असता तर वेगात पाय सोडल्यावरही थरथर राहिली असती," बाई म्हणाल्या. "ब्रेकचा असता तर ब्रेक लावताना आली असती. ही जोर दिला की येते, सोडला की जाते. इंजिनाचा जोर चाकाला पोचवणारा दांडा असतो, ॲक्सल. त्याचा आतला सांधा झिजलाय. महाराज पळवा म्हणाले की हो, सोडा म्हणाले की नाही."

"पण शेवटच्या प्रश्नाला ते काहीच म्हणाले नव्हते," अण्णा म्हणाले.

बाईंनी गाडी कडेला घेतली. "मग आता तुम्ही चालवा. आणि तोच प्रश्न विचारा."

अण्णांनी विचारला. गाडी थरथरली.

"पायाकडे बघा."

अण्णांनी खाली पाहिलं. पाय चांगलाच दाबलेला होता. "मी नाही दाबला," ते म्हणाले.

"नकळत दाबलात. उत्तर मनात ठरलेलं असलं की पाय आपोआप दाबला जातो. त्यात तुमची लबाडी नाही."

लबाडी असती तर परवडलं असतं, असं अण्णांना वाटलं. पोरीवरचा राग त्यांचा स्वतःचा होता. तो तिला तोंडावर सांगायची छाती झाली नाही, म्हणून त्यांनी तो मेलेल्या बायकोच्या तोंडी घातला होता. तीस वर्षं त्यांनी घरोघर पाण्याचे मीटर तपासले, स्वतःच्या डोळ्यांनी काटा पाहिल्याशिवाय कोणाच्या शब्दावर आकडा लिहिला नाही. आणि इथे साधं स्वतःच्या पायाकडे पाहिलं नव्हतं.

बाईंनी सांधा खोलून दाखवला. रबरी आवरण फाटलेलं, ग्रीस उडून गेलेलं, लोखंडात बोटाला लागतील असे खड्डे. त्यांनी नवा सांधा बसवला आणि जुना अण्णांनी खिशात टाकला.

संध्याकाळी अण्णांनी मुलीला फोन करून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"गाडी काय म्हणाली ते जाऊ दे, अण्णा," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंतच का?"

अण्णांनी एवढंच विचारलं, "मी येऊ तिकडे?"

"आत्ता नको. मी सांगेन."

पुढच्या रविवारी अण्णा मैदानात गेले. पाळी आली. गाडी पळवली, सोडली, पुन्हा पळवली. थरथर नाही.

"बाईसाहेब रुसल्या," महाराज माइकवर म्हणाले.

"कंटाळली असेल ह्यांना," दोरीजवळून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

अण्णांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि खिशातला झिजलेला सांधा काढून वर धरला.

"ती रुसलेली नाही. ती गेली," ते म्हणाले. "थरथर याची होती. उत्तर माझ्याच पायाने दिलं आणि मी त्याचं खापर पोरीवर फोडलं. हा सांधा एका दुपारी बदलून झाला. पोरगी कधी बोलेल, मला माहीत नाही. तुमची गाडी थरथरत असेल तर एकदा पाय दाबून बघा, एकदा सोडून बघा, आणि गॅरेजात न्या. कोणी चमत्कार दाखवला तर आधी आपला पाय कुठे आहे ते बघा. जिवंत माणसावर राग असेल तर त्याच्याशीच बोला. मेलेल्याची साक्ष काढू नका. मी काढली. मला त्याची लाज वाटते."