तळ्यातलं शेत

एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात कल्लगेरेच्या विहिरी आटल्या. हेब्बाळच्या उत्तरेला असलेल्या या गावात निम्मी घरं कानडी आणि निम्मी तिथंच मुरलेली मराठी. भाजी पिकवायची आणि गाडी जुंपून बंगळूरच्या बाजारात न्यायची, हा सगळ्यांचा धंदा. त्या वर्षी त्याच गाड्यांवर पिंपं लादून लांबून पाणी आणावं लागत होतं.

गावाला तळं होतं, पण नावापुरतं. गाळ साचून ते भरत आलं होतं आणि त्याच्या पोटात कृष्णाजीचं नाचणीचं शेत होतं. त्याच्या वडिलांनी ते काढलं होतं. पिकात पाणी शिरू नये म्हणून त्यांनी बांध घालून तळ्याकडे येणारा ओढाच दुसरीकडे वळवला होता. गावातली सगळ्यात कसदार जमीन ती.

कृष्णाजीची बायको तुंगाबाई. एके दिवशी मारम्माच्या देवळापाशी पाण्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या बायकांना ती म्हणाली, "गाळ आपणच काढू या. घरटी एक माणूस आलं तरी पुरे."

धनगरांच्या आळीतली यल्लव्वा तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काढू की, तुंगक्का. पण आम्ही खणायचं आणि पाणी तुमच्या बांधापाशीच अडायचं, त्याचं काय?"

तुंगाबाईचे कान गरम झाले. ती घरी आली आणि नवऱ्याच्या ताटात मुद्दा, नाचणीचा उकडलेला गोळा, वाढता वाढता सरळच म्हणाली, "अहो, तळ्यातलं शेत सोडायला पाहिजे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? तिथं तळं होतं."

"माझ्या बापानं रक्त आटवलंय त्या जमिनीत."

"मामंजींनी काढलं तेव्हा विहिरींना पाणी होतं. आता वरच्या मळ्यात काय पिकतंय आपल्या? नुसती धूळ. तो गाळ तिथं नेऊन टाकला तर तीही जमीन काळी होईल."

कृष्णाजी जेवला आणि हात धुवून बाहेर निघून गेला. दोन दिवस तो वरच्या मळ्यातली धूळ बघून येत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी तुंगाबाई कुदळ आणि बुट्टी घेऊन निघाली, तर गोठ्यात बैल नव्हते. तळ्याकडून माणसांचा गलका ऐकू येत होता. ती धावतच गेली. कृष्णाजी बापाच्या बांधावर उभा राहून पहार घालत होता. निम्मा बांध फुटला होता आणि बैल दगड ओढत होते.

"बघत काय उभे राहिलाय?" तो काठावर जमलेल्यांना म्हणाला. "बुट्ट्या आणा."

मग गाव थांबेना. पुरुष खणायचे, बायका बुट्ट्या उचलायच्या, गाड्या गाळ भरून मळ्यांकडे जायच्या. कुणाच्या शेतात आधी गाळ पडायचा यावरून भांडणं झाली आणि दुपारच्या जेवणात मिटलीही. तुंगाबाईचा भाऊ गुंडूराव चिकपेटेत कापडाचं दुकान चालवायचा. रविवारी तो दुकानातल्या माणसांना आणि गाठींच्या रिकाम्या गोणपाटांचा भारा घेऊन आला. धोतर खोचून खणायला लागला आणि थोड्याच वेळात हाताला फोड आले.

"अण्णा, स्वल्प बसा," यल्लव्वा म्हणाली.

"सरी, बसतो," म्हणत तो लगेच बसला आणि सगळी हसली. पण पुढच्या रविवारी तो पुन्हा आला.

श्रावणापर्यंत पाऊस रिमझिमच पडला. तळ्यात गुडघाभर पाणी आलं आणि लोक कुजबुजायला लागले की शेत गेलं ते गेलंच. तुंगाबाई रोज तळ्याच्या मोठ्या बांधावर जाऊन यायची. मग भाद्रपदात एके दुपारी उत्तरेकडे आभाळ काळंकुट्ट झालं आणि ओढ्याला लाल पाण्याचा लोट आला. सगळं गाव तळ्याच्या बांधावर धावलं. पाणी बघता बघता चढत होतं. पोरंबाळं नाचत होती, म्हातारी माणसं हात जोडून उभी होती.

तेवढ्यात यल्लव्वा बांधाच्या पायथ्याकडून ओरडली, "इकडून पाणी येतंय."

पायथ्याशी गढूळ धार लागली होती आणि ती जाड होत चालली होती. गौरीच्या सणासाठी आलेला गुंडूराव म्हणाला, "बांधातली मोरी उघडा, भावोजी. पाणी गेलं तर जाऊ दे, बांध तरी वाचेल."

"मोरीनं एवढं पाणी कुठलं जातंय?" म्हणत कृष्णाजीनं सदरा काढला आणि तो तळ्याच्या बाजूनं पाण्यात उतरला. पायांनी चाचपत त्यानं भोक शोधलं. "गोणपाट द्या. पेंढा द्या. चिकणमाती भरून द्या."

बांधावर माणसांची रांग लागली. भरलेली गोणपाटं हातोहात पुढं सरकत होती. तुंगाबाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून नवऱ्याच्या हातात एकेक देत होती. खालच्या बाजूला यल्लव्वा आणि तिच्या आळीतल्या बायका धारेवर माती आणि दगड रचत होत्या. पावसात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळानं यल्लव्वानं खालून दोन्ही हात वर केले. धार थांबली होती.

तळं भरायला आणखी तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी सकाळी पाणी कोडीच्या, म्हणजे सांडव्याच्या, दगडांवरून पलीकडे ओसंडलं आणि "कोडी पडली, कोडी पडली" म्हणत सगळं गाव तिकडे पळालं. कानडी बायका तळ्याची ओटी भरायला सुपात हळद, कुंकू, बांगड्या आणि खण घालून आल्या, मराठी बायकाही आल्या. पहिलं सूप कुणी सोडायचं यावर घोळ होऊ लागला, तेव्हा यल्लव्वानं आपलं सूप तुंगाबाईच्या हातात दिलं.

"तूही धर," तुंगाबाई म्हणाली. दोघींनी मिळून ते पाण्यावर ठेवलं. सूप डुलत आतल्या बाजूला गेलं, जिथं गेल्या वर्षी नाचणी उभी होती.

कृष्णाजी जरा लांब उभा राहून बघत होता. त्याचे डोळे भरले होते, पण तो हसतही होता. तुंगाबाई त्याच्याजवळ गेली.

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय," तो म्हणाला. मग त्यानं बांधाखालच्या मोकळ्या जमिनीकडे बोट केलं. "पण आता तळ्याच्या पाण्यावर तिथं भात लावता येईल. चल, बघून येऊ."