म्हाळसाबाईची सनद

सोलापूरच्या एका इस्पितळात साडेतीन वर्षं शिकून, परीक्षा पास होऊन आणि मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलात नर्स अन् सुईण म्हणून नाव लावून सिद्धम्मा १९४३ साली निजामाच्या मुलखात परत आली. तेव्हा तिला वाटलं होतं, अवघड ते सगळं मागं पडलं. नाक्यावर जकात घेणाऱ्या करोडगिरीवाल्यानं तिची ट्रंक उघडून रबरी हातमोजे वर धरले आणि "हे कोणत्या जनावराचं कातडं?" असं विचारलं, तेव्हाच खरं तर तिनं सावध व्हायला हवं होतं.

तिचे वडील महालिंगप्पा यांचं सोनारीच्या पलीकडं दोन कोसांवर बोरखडीला किराणा दुकान होतं. आता वडील नव्हते, आईही नव्हती. चौदाव्या वर्षी लग्न आणि सोळाव्या वर्षी वैधव्य आल्यावर सोलापूरच्या मावशीनं तिला नेलं आणि शिकायला घातलं. आता ती पंचवीस वर्षांची होती आणि तिला आपल्याच तालुक्यात नोकरी करायची होती.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर करीमुद्दीन तिला बघून खुर्चीतून अर्धे उठलेच. तीन वर्षं ते नर्स मागत होते. बायका पुरुष डॉक्टरपुढं यायच्या नाहीत. त्या बाहेर लिंबाखाली बसायच्या आणि नवऱ्याला आत पाठवायच्या. डॉक्टरांनी "जीभ दाखवा" म्हटलं की नवरा स्वतःचीच जीभ बाहेर काढायचा.

"तीन साल झाले, बाई," डॉक्टर म्हणाले, "मी या तालुक्यातल्या मर्दांच्या जिभा बघून बायकांना दवा देतोय. तुम्ही उद्यापासून या."

"कागद?"

"कागद तहसिलीत. इथलेच असल्याचा एक मुल्की दाखला आणा, बस्स. तुम्ही इथल्याच ना?"

तहसिलीत कागद तपासणारे पेशकार होते उत्तरेश्वरराव. कोणाकडून पानाचा विडासुद्धा घ्यायचे नाहीत, आणि हीच लोकांची अडचण होती. लाच खाणारा माणूस परवडला, त्याला निदान वाट असते. उत्तरेश्वररावांना वाट नव्हती, नुसता कायदा होता. त्यांनी सिद्धम्माचे कागद उलटेसुलटे करून पाहिले.

"सोलापूर इंग्रजी हद्दीत. मुंबई इंग्रजी हद्दीत. बाई, तुम्ही गैरमुल्की. गैरमुल्कीला सरकारी नोकरी नाही."

"माझा जन्म बोरखडीचा आहे, साहेब. इथून पाच कोस."

"पटवाऱ्याची वही मागवतो."

वही आठ दिवसांनी आली. सिद्धम्मा जन्मली ते मानमोडीचं साल. घरोघर माणसं तापानं पडलेली, पटवारीही अंथरुणाला खिळलेला. त्या वर्षाची पानं कोरी होती.

"या वहीप्रमाणं," पेशकार गंभीरपणे म्हणाले, "त्या साली बोरखडीत कोणी जन्मलेलंच नाही."

"मग मी कोण?"

"तेच तर दाखल्यात लिहायचंय. जन्माच्या वेळी हजर असलेला एक इसम आणा. आई चालेल."

"आई वारली."

"आजी?"

"आजीबी गेली."

"मग दाई."

दाई जिवंत होती, पण तिच्याकडं कोणत्या तोंडानं जायचं, हा सिद्धम्मापुढं प्रश्न पडला. म्हाळसाबाई सत्तरीची. सोनारीपासून भोवतालच्या बारा वाड्यांतली तीन पिढ्यांची पोरं तिच्या हातांवर आली होती. तालुक्याला नर्स येणार ही बातमी तिला लागली होती, आणि त्या नर्सची तिनं चांगली सालटी काढून ठेवली होती.

सिद्धम्मा बोरखडीला पोचली तेव्हा म्हातारी दारात बसून तूर पाखडत होती.

"म्हाळसाआजी, मी महालिंगप्पाची सिद्धी."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "नाळंची सिद्धी व्हय! गळ्यात नाळंचं दोन येढं, अंगानं काळीनिळी, रडंना की हालंना. म्या कानापाशी थाळी बडवली, तोंडात तोंड घालून फुंकर घातली, तवा कुठं ट्यां केलंस. आन आता कुठं आस्तीस?"

"सोलापुरात होते. नर्स झाले."

"आस्सं!" म्हातारीनं सूप पुन्हा उचललं आणि इतक्या जोरात पाखडलं की निम्मी तूर अंगणात गेली. "म्हंजी ती भवानी तूच! म्या फुंकर घालून जितं केलं, ते माज्याच पोटावर पाय द्यायला?"

सिद्धम्मानं समजावलं, हात जोडले. काही उपयोग झाला नाही. शेवटी ती निराश होऊन म्हणाली, "बरं आजी. तहसिलीत सांगते की माझ्या जन्माचं कोणाला काही ठाऊक न्हाय."

"न्हाय कसं?" म्हातारी ताडकन उठली. "ह्या गावात त्या साली चार बाळं झाली, त्यातली तू एकटी जगलीस. सोनारीच्या भैरोबापोतूर माजं नाव झालं तुज्यापायी. आन म्हणं ठाऊक न्हाय! गाडी कुठाय?"

तहसिलीत म्हाळसाबाई धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. तिला वाटलं, आता नाळेची हकीकत सांगायची. पण पेशकारांनी आधी टाक शाईत बुडवला.

"पेशा?"

"दाई."

"सनद?"

"ती कोण?"

उत्तरेश्वररावांनी सगळ्या तहसिलींना धाडलेला एक गश्ती हुकूम काढला. गेल्याच साली आलेला. बाळंतपणाच्या बाबतीत बिनसनदी दाईची जबानी घेऊ नये, असं त्यात होतं.

"म्हंजी," म्हातारी सावकाश म्हणाली, "म्या आजवर काढलेली पोरं जल्मलीच न्हाईत?"

"जन्मली, आजी. पण तुमच्या सांगण्यावरून नाही."

सिद्धम्मा डॉक्टरांकडं धावली. सनद डॉक्टरच देत, पण त्याआधी शिकलेल्या नर्सकडून दाईचे सहा धडे व्हायला हवेत, अशी अट होती. नोकरीवरची नर्स तालुक्यात नव्हती. नर्सच्या नोकरीला सिद्धम्माला मुल्की दाखला हवा, दाखल्याला म्हाळसाबाईची जबानी हवी, जबानीला सनद हवी, आणि सनदेला नर्स हवी.

डॉक्टरांनी हे बोटांवर दोनदा मोजलं आणि म्हणाले, "या अल्ला."

वाट काढली ती पेशकारांनीच. दोन दिवस ते नियमांची बाडं चाळत होते. तिसऱ्या दिवशी भर उन्हात, टोपीसुद्धा विसरून ते दवाखान्यात आले. "सापडलं! नोकरीला मुल्की लागतं. शिकवायला लागतं असं कुठंही लिहिलेलं नाही. बाई बिनपगारी शिकवू शकतात!" इतके आनंदी त्यांना कोणीच पाहिलं नव्हतं.

म्हाळसाबाई दवाखान्यामागच्या खोलीत सिद्धम्माजवळ राहायला आली. सनद मिळाल्याशिवाय आता ती हटणार नव्हती. पोरं जन्मलीच नाहीत, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं.

पहिला धडा हात धुण्याचा.

"म्या काय मळक्या हातानं भाकरी थापती व्हय?"

"साबणानं, आजी. कोपरापर्यंत. नखं कापून."

"नखं न्हाय कापायची. पाणमोट फोडायचं त्ये माजं हत्यार हाय."

दुसरा धडा बाळंतिणीच्या खाण्याचा. तो म्हाळसाबाईनंच घेतला. डिंक, खसखस, बाळंतशेपा, कोणत्या दिवशी काय आणि किती, हे ती सांगत होती आणि सिद्धम्मा वहीत उतरवून घेत होती. डॉक्टर दारात येऊन बघून गेले. कोण कोणाला शिकवतंय हे त्यांना कळलं नाही.

तिसरा धडा नाळ कापण्याचा. म्हाळसाबाई नाळ विळ्यानं कापायची आणि वर शेणीची राख दाबायची. सिद्धम्मानं शांतपणे सांगितलं की विळ्याच्या गंजातून, शेणातून बाळाच्या अंगात धनुर्वात शिरतो. आठवडाभरात बाळाचा जबडा बसतो, दूध ओढता येत नाही, अंग धनुष्यासारखं वाकतं.

"ती तर सटवी," म्हातारी म्हणाली. "सटवी नेती आठव्या दिशी."

"सटवी न्हाय, आजी. विळा."

बसल्या जागी म्हाळसाबाईचे ओठ हलू लागले. सिद्धम्माला आधी वाटलं, देवाचं नाव घेतेय. मग कानावर आलं, ती आयांची नावं घेत होती. "गोदी. शेवंता. पाटलाची थोरली. त्या लव्हाराची..." नावं बराच वेळ चालली.

सकाळी खोलीत म्हातारी नव्हती. मिळेल त्या बैलगाडीनं गावाकडं गेली, असं कोणी सांगितलं. सिद्धम्माला वाटलं, संपलं. दाखल्यापेक्षाही तिला हे लागलं की म्हातारीला इतकं तोडून बोलायला नको होतं.

चौथ्या दिवशी म्हाळसाबाई परत आली. दहाही बोटांची नखं कापलेली. फडक्यात गुंडाळलेला विळा तिनं सिद्धम्मापुढं ठेवला.

"ह्यो तुज्यापाशी ठिव. घरात ऱ्हायला तर हात जाईल." मग भिंतीला टेकून बसली. "ऱ्हायलेलं तीन धडं सांग आता. आन सावकाश सांग, म्हातारं माणूस हाय मी."

परीक्षा डॉक्टरांनी घेतली. म्हाळसाबाई एकेक उत्तर धाडधाड देत गेली.

"कातर किती वेळ उकळायची?"

"सा भाकरी."

"काय?"

"पाणी उकळाया लागलं की एका बाजूला सा भाकरी भाजायच्या. तुमची घड्याळं बाळंतिणीच्या घरी कुठनं आणू?"

डॉक्टरांनी चुलीपाशी बसून, हातात घड्याळ घेऊन म्हातारीच्या सहा भाकरी मोजल्या. बावीस मिनिटं. हवी होती वीस. त्यांनी पास असा शेरा मारला आणि त्यातल्या दोन भाकरी पिठल्याबरोबर खाऊन घेतल्या.

उर्दूत छापलेली सनद पदराखाली धरून म्हाळसाबाई पुन्हा तहसिलीत गेली. या वेळी तहसीलदारसाहेब स्वतः आतल्या खोलीत होते. दार उघडं होतं, आणि ते तक्क्याला वाकडे टेकून कण्हत होते. आठ दिवसांपूर्वी घोड्यावरून उतरताना त्यांच्या कमरेत उसण भरली होती. डॉक्टरांची मलमं चोळून झाली होती, चाल काही सरळ होत नव्हती.

म्हाळसाबाईनं नाळेची हकीकत अथपासून सांगितली. पेशकारांनी लिहिताना तीनदा "पुढं, पुढं" म्हटलं आणि एकदा कान लाल करून टाक खाली ठेवला. तरी लिहिलं सगळं. शेवटी त्यांच्या स्वभावाप्रमाणं एक शंका निघालीच.

"आजी, पंचवीस सालांमागची गोष्ट. एवढी पोरं तुम्ही काढली. ती हीच कशावरून? तुम्हाला याद राहते याला पुरावा?"

म्हातारीनं डोळे बारीक करून त्यांच्याकडं पाहिलं. याआधी ती त्यांच्यापुढं एकदा उभी राहिली होती, पण मान वर करून चेहरा आज पहिल्यांदा नीट पाहत होती.

"तुमचं आजोळ बोरखडी का वो, सायेब?"

"आहे. का?"

"नागूबाईचा उत्तरू! आगं माजे बाई! पंचेचाळीस सालं झाली. लेकरा, तुला बाहीर काढताना माजा घाम निघालाता. आधी डावा पाय आला, मंग उजवा. पायाळू हाईस तू!"

उत्तरेश्वरराव पांढरेफटक पडले. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ही एक गोष्ट कोणाला कळू दिली नव्हती. पायाळू माणसाची लाथ कमरेला लागली की उसण उतरते, हे मुलखात कोणाला ठाऊक नाही? एकदा कळलं की दारात रांग लागते. लहानपणी आजोळी त्यांनी ते पुरेपूर भोगलं होतं.

आतून कण्हणं थांबलं.

"पेशकार," तहसीलदारांचा आवाज आला. "आप पायाळू हैं?"

"जी... हुजूर."

"और आठ दिन से आप मुझे देख रहे हैं!"

"हुजूर, मातहतानं अफसरला लाथ मारणं... कायद्यात..."

"कायदा बघा."

उत्तरेश्वररावांनी खरंच बाड उघडलं. एकेक पान चाळलं. म्हाळसाबाई म्हणाली, "आरं, नुसता डावा पाय लावायचा, बैलागत मारायचं न्हाय. पयला डावा आलाता तुजा." शेवटी पेशकारांनी जोडा काढला, पाय धुतला, आधी अफसरांना वाकून नमस्कार केला आणि डोळे मिटून त्यांच्या कमरेला डाव्या पायानं हलकीशी लाथ मारली.

तहसीलदार "याऽऽ" करून ओरडले. मग सावकाश ताठ झाले. दोन पावलं टाकली, चार टाकली, दारापर्यंत जाऊन आले. लाथेनं झालं की ओरडताना बसलेल्या हिसक्यानं, ते डॉक्टरांनाही पुढं कधी सांगता आलं नाही.

"बुढिया को सब याद है," तहसीलदार म्हणाले. "दाखला लाओ."

मुल्की दाखल्यावर त्याच दुपारी सही झाली. दुसऱ्या दिवसापासून सिद्धम्मा दवाखान्यात रुजू झाली, आणि उत्तरेश्वररावांच्या घरापुढं सकाळी कमरेवर हात ठेवलेली माणसं बसू लागली. ते कोणाला नाही म्हणू शकले नाहीत, कारण नाही म्हणायला आधार देईल असा हुकूम त्यांना कुठंच सापडला नाही.

लिंबाखालच्या बायका आता आत येऊ लागल्या. पहिल्या महिन्यात आल्या त्यातल्या निम्म्या म्हाळसाबाईनं गाडीत घालून आणलेल्या. साधं बाळंतपण ती गावातच करायची. आडवं असेल, अंगावर सूज असेल, तर वेळेआधीच आणून हजर करायची आणि व्हरांड्यात बसून सगळ्यांवर लक्ष ठेवायची. कोणी नवी बाई "ही नर्स कोण?" म्हणाली की तिला सगळी हकीकत अथपासून ऐकावी लागे.

पुढच्या संक्रांतीला म्हाळसाबाईची नात बार्शीला बाळंत व्हायची होती. बार्शी इंग्रजी हद्दीत. म्हातारी सनद, साबण आणि कातर घेऊन निघाली, तेव्हा सिद्धम्मानं तिला सांगितलं, "आजी, ही सनद नाक्यापलीकडं चालत न्हाय. तिकडं मुंबईची लागती. तिथं कोणी विचारलं तर?"

पंधरा दिवसांनी म्हाळसाबाई तिळगूळ घेऊन परत आली. नात सुखरूप, मुलगी झाली होती.

"विचारलं का कोणी?" सिद्धम्मानं विचारलं.

"इचारलं की. नाक्यावरचा शिपाई म्हणाला, तुमी कोण? म्या म्हणलं, आज्जी हाय." तिनं तिळगूळ सिद्धम्माच्या हातावर ठेवला. "आज्जी व्हायला सनद लागती का, ते त्यालाबी ठाऊक नव्हतं."