उद्घाटनाचा चेंडू

"आण्णा, लई जोर नको. दादांच्या बॅटला लागंल असा टाका," पंच बजरंग अजिनाथच्या कानाशी लागून म्हणाला.

पालीच्या मैदानावर विजयसिंहदादा चषक सुरू होत होता. नारळ फुटला की पहिला चेंडू नेत्यानं खेळायचा आणि तो सीमेपार जायचा, अशी आमच्याकडं रीत आहे. गोलंदाज अजिनाथ होता. रणजी खेळलेला, एक मोसम कर्णधारही. निवृत्तीनंतर तो इथंच पोरींना फुकट शिकवत होता. आता मैदान दादांच्या नव्या अकादमीकडं गेलं होतं, आणि कोच कोण हे दादा आजच जाहीर करणार होते. नेमणूक हुकली तर पोरीही हुकणार, हे अजिनाथला ठाऊक होतं.

तो बेतानं धावला. पण मनगटाला राजकारण कळत नाही. चेंडू शेवटच्या क्षणी वळला आणि दादांचा ऑफस्टंप आडवा झाला.

"नोबॉल!" बजरंग ओरडला. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या चेंडूनंही तेच केलं. पुन्हा नोबॉल. या वेळी टाळ्या जास्त पडल्या.

"काय बे, खुन्नस हाय का?" दादा हसले. डोळे सोडून सगळा चेहरा हसला.

"सवय हाय दादा. जाईना."

"आण्णा, खालून टाका," बजरंग कुजबुजला. "कशापायी वाटोळं करून घेता?"

अजिनाथनं लेकराकडं लिंबू टाकावं तसा चेंडू खालून टाकला. दादांनी डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू घरंगळत निघाला, तो एका कार्यकर्त्यानं उचलून सीमेपार फेकला. षटकार जाहीर झाला. हलगी कडाडली.

"आमाला क्रिकेटचे नियम कळणारा मानूस पायजे," दादा माईकवर म्हणाले, आणि कोचची शाल बजरंगच्या खांद्यावर पडली. अजिनाथला बॅट मिळाली. तिच्यावर दादांची सही होती.

सोमवारी अकादमी भरली. बजरंग खुर्चीत, अजिनाथ तारेच्या कुंपणाबाहेर. पोरींची कर्णधार शिवकन्या चेंडू घेऊन थेट कुंपणाशी आली.

"सर, चेंडू शेवटाला बाहेर वळंना. बोटं कशी धरू?"

अजिनाथनं हात उचलला, मग खिशात घातला.

"तुज्या कोचला इचार."

"इचारलं. तुमाला इचार म्हनले."

तारेतून बोट आत घालून अजिनाथनं तिचं बोट शिवणीवर सरकवलं. तेवढ्यात आतून बजरंगची शिट्टी वाजली. तो मात्र कुंपणाकडं पाठ करून बसला होता.