शिडीच्या तळाशी माझी जागा

मित्रांनो, मुठीएवढा माझा देह, त्यात एक दिवा आणि मागे लांब वायर. आता मी जुना झालो आहे. जहाजाच्या मालखान्यातली हवा मोजणारा मी सेन्सर. श्वास म्हणजे काय हो? दिसत नाही, मुठीत धरता येत नाही, आणि गेला की लाखमोलाचा देह चौघांनी उचलायचं ओझं होतो. त्या श्वासाची राखण देवाने माझ्याकडे सोपवली, असं मी मानत होतो.

कारखान्यातून निघताना एका बाईंनी मला फुंकर मारून पुसलं. "खरं बोल रे बाबा," त्या म्हणाल्या. मला दुसरं काही येतच नव्हतं. मालखान्यात उतरणाऱ्या शिडीच्या तळाशी मला बसवलं. हवा चांगली असली की मी हिरवा, वाईट असली की लाल. आणि तोच रंग त्याच क्षणी किनाऱ्यावरच्या कार्यालयातही दिसायचा.

आमच्या जहाजात लाकडाचे तुकडे भरत. बंद जागेत ओलं लाकूड हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं. मी लाल व्हायचो. आधी कौतुक झालं. मग कार्यालयातून फोन सुरू झाले, "पुन्हा लाल? काम का थांबलं?"

मुकादम वैतागला. "मेला सदा रडका!" म्हणत त्याने मला वर ओढलं आणि मालखान्याच्या झाकणाच्या तोंडाशी, मोकळ्या वाऱ्यात बांधलं. बाकीच्यांना म्हणाला, "दिवा वरून दिसावा म्हणून आणलाय. तळाची हवा त्याला वायरीतून कळते."

मला कळत होता तो फक्त वरचा वारा. मी महिनाभर हिरवाच राहिलो. सर्वांत सुरक्षित जहाज म्हणून शाबासकीचं पत्र आलं. मुकादमाने ते जेवणाच्या खोलीत चिकटवलं.

मग एका दुपारी दोन खलाशी तळ झाडायला आले, दाजी आणि त्यांचा मेव्हणा. दाजींनी शिडीवर पाय ठेवला.

"सावकाश हो दाजी, पडलात तर ताई मला घरात घेणार नाही."

"तुझ्या ताईपुढे टिकलोय मी, ही शिडी काय करणार?"

बाराव्या पायरीवर दाजींचे हात सुटले.

"दाजी! ओ दाजी, मस्करी पुरे!"

मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं. मी हिरवा होतो.

"हवा तर चांगली आहे. पाय घसरला असेल," तो पुटपुटला. श्वासाचा मुखवटा दहा पावलांवर टांगलेला होता. तो न घेताच मेव्हणा उतरला, आणि दाजींच्या अंगावर कोसळला.

मुकादम धावत आला, खाली वाकला. मित्रांनो, त्याने आधी माझी गाठ सोडली. मला तळाशी सोडलं. मेव्हण्याच्या खांद्याला टेकलो आणि मी लाल झालो. मग त्याने मदतीला हाका मारल्या.

चौकशीत माझी नोंद वाचली गेली : हिरवा, हिरवा, लाल. "हवा अचानक बिघडली, दोष कुणाचाच नाही," असं ठरलं.

बंदरावर ताई दोघांचे देह न्यायला आली. "माझा भाऊ दिवा बघितल्याशिवाय उतरणारा नव्हता हो," एवढंच ती म्हणत राहिली.

"देवाची मर्जी, ताई," मुकादम हात जोडून म्हणाला.

बघितला होता, ताई. म्हणूनच तो उतरला.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल, रडका म्हणा, शिव्या द्या. पण माझ्या जागेवरून मला हलवू नका. मुकादमाने परवा मला पुन्हा वर बांधलं. हे सांगतानाही मी हिरवाच आहे, आणि शिडीवर कुणाचे तरी पाय वाजत आहेत.